दोन महिन्यांपूर्वी आलेला सर्व्हर घ्यावा की दोन-अडीच वर्षं मुरलेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठेक माणसांची कंपनी, दोन जुने सर्व्हर बदलायचेत, त्यांच्यावर ईआरपीचा (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा) आणि पाच-सहा किरकोळ व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे आभासी सर्व्हर, चालतात. हातात दोन कोटेशन आहेत, एक साधारण अडीच वर्षांपूर्वी बाजारात आलेल्या पिढीचं आणि दुसरं दोन महिन्यांपूर्वीच लाँच झालेल्या पिढीचं. किमतीत फार फरक नाही, आणि व्हेंडर म्हणतोय की तेवढ्याच पैशात नवं मिळतंय तर जुनं कशाला घेताय. तर काय घ्यावं?

उत्तर आधी देऊन टाकते. तुमच्या जागी मी असते तर अडीच वर्षांची पिढी घेतली असती, पण डोळे मिटून नाही. अडीच वर्षं म्हणजे मुरलेलं आणि शिळं यांच्या बरोबर सीमेवरचं वय आहे, त्यामुळे सही करायच्या आधी काही गोष्टी लेखी घेतल्या असत्या. त्या कुठल्या ते पुढे येईलच. मी गेली २२ वर्षं हेच काम करतेय, दोन्ही बाजूंनी पोळलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, सर्व्हर नवा आहे असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर प्रोसेसर असतो, कारण जाहिरात त्याची असते. पण माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात प्रोसेसरमुळे काम बंद पडलंय असं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच झालंय. कच्चं असतं ते त्याच्या आजूबाजूचं. एका साध्या दोन-यू (रॅकमध्ये दोन खणांच्या उंचीच्या) सर्व्हरमध्ये बायोस, बीएमसी (सर्व्हरवर लांबून नजर ठेवणारी वेगळी चिप), रेड कंट्रोलर (एखादी डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड), नेटवर्क कार्ड, डिस्क जिथे जोडल्या जातात तो बॅकप्लेन, प्रत्येक एसएसडी, अगदी पॉवर सप्लाय, या सगळ्यांचं आपापलं फर्मवेअर, म्हणजे त्या भागातच भरलेलं सॉफ्टवेअर, असतं, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं. ते एकेकटं टेस्ट झालेलं असतं, पण ही सगळी मंडळी तुमच्याच कॉम्बिनेशनमध्ये, तुमच्याच लोडखाली एकत्र नांदतात की नाही हे कळायला बाजारात हजारो गिऱ्हाइकांनी ते वापरावं लागतं. मुरलेलं हार्डवेअर म्हणजे एवढंच, की तुमच्या आधी कुणीतरी रात्री जागून तक्रार नोंदवलीय आणि त्यावरचं फर्मवेअर आलंय.

असं जागणं माझ्या वाट्याला आलंय. एका गिऱ्हाइकाकडे लाँच होऊन तीन-एक महिने झालेली नवी पिढी लावली होती. दीड महिना सगळं छान. मग दर शनिवारी रात्री फुल बॅकअप सुरू झाला की तासाभरात डेटाबेस अडकायचा. लॉगमध्ये फक्त कंट्रोलर रिसेट झाल्याची एक ओळ. शेवटी एका शनिवारी मी सर्व्हर रूममध्येच बसले, लॅपटॉप एका रिकाम्या खोक्यावर ठेवून, नजर डिस्कच्या दिव्यांवर. एरवी आठ दिवे आपापल्या तालात लुकलुकत असतात, कुठलेही दोन सारखे नाही. पावणेबाराच्या सुमाराला ते आठही एकदम स्थिर झाले, हिरवे, एकही हलेना. स्क्रीनवर क्वेरी तशीच लटकलेली. तीसेक सेकंद तसंच गेलं, मग पंखे एकदम फुल स्पीडला गेले, खोली घुमायला लागली, आणि दिवे परत लुकलुकायला लागले. म्हणजे डिस्क गेलेली नव्हती, केबल सुटलेली नव्हती, बॅकप्लेन आणि कंट्रोलर यांचं आपसातलं बोलणंच अडकत होतं आणि कंट्रोलर स्वतःला रिसेट करून घेत होता. सपोर्टशी पाच आठवडे चर्चा झाली, लॉग पाठवले, बॅकप्लेन बदलला, कंट्रोलर बदलला, काही फरक नाही, आणि शेवटी पुढच्या फर्मवेअरमध्ये ते सुटलं. रिलीज नोटमध्ये फक्त इतकंच, की जास्त लोडखाली स्थिरता सुधारली. त्या पाच आठवड्यांत बॅकअप अर्धवट राहिले होते आणि माझ्या पोटात गोळा होता, कारण तेव्हा खरंच काही गेलं असतं तर परत आणायला धड काही नव्हतं. सहा महिन्यांनी तोच मॉडेल मी दुसरीकडे लावला आणि तो अजून कुरकुर न करता चालतोय.

पण म्हणून नवं म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही, कारण नव्या-नव्यात फरक असतो, आणि हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. एक नवं असं असतं की सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) नवं, मेमरी नवी, पीसीआय एक्सप्रेस (कार्डं जोडायचा मार्ग) नवं, बोर्ड नवा, सगळं एकदम बदललेलं. एएमडीची जेनोआ ही प्रोसेसरची पिढी नोव्हेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा एसपी५ सॉकेट, डीडीआर५ मेमरी आणि पीसीआय एक्सप्रेस ५ सगळं एकाच वेळी आलं. इंटेलची सफायर रॅपिड्स जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हाही तसंच. आणि दुसरं नवं असं असतं की बोर्ड, सॉकेट, मेमरीचा प्रकार तोच, फक्त प्रोसेसर पुढचा. डिसेंबर २०२३ मध्ये एमराल्ड रॅपिड्स आली ती सफायर रॅपिड्सच्याच सॉकेटवर. एएमडीची ट्युरिन ऑक्टोबर २०२४ मध्ये आली ती जेनोआच्या एसपी५ सॉकेटवर. त्याआधीचं एसपी३ सॉकेट तर २०१७ च्या नेपल्सपासून २०२१ च्या मिलानपर्यंत चाललं. यातलं दुसऱ्या प्रकारचं नवं मी लाँचनंतर दोन-तीन महिन्यांत बिनधास्त घेते, कारण बोर्ड, रेड कार्ड, पंख्यांचा कंट्रोल, बीएमसी, हे सगळं आधीच्या पिढीत तावून सुलाखून निघालेलं असतं. पहिल्या प्रकारचं असेल तर लाँचनंतर वर्षभर तरी थांबते. त्यामुळे व्हेंडरला पहिला प्रश्न हा विचारा, की या नव्या पिढीत बोर्ड आणि सॉकेट आधीचंच आहे की तेही बदललंय? उत्तर 'आधीचंच आहे' असं आलं तर माझं वरचं उत्तर बऱ्यापैकी सैल होतं आणि मग नव्या कोटेशनकडे मीही गांभीर्याने बघेन.

मोठ्या कंपन्यांकडून चुका होत नाहीत असं कुणी म्हणत असेल तर इतिहास बघावा. एएमडीची चार कोअरची बार्सिलोना सप्टेंबर २००७ मध्ये आली आणि तिच्या टीएलबीमध्ये (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणारा भाग) दोष निघाला, बायोसमधून तात्पुरता इलाज दिला तर परफॉर्मन्स पडायचा, खरी दुरुस्ती पुढच्या वर्षी बी३ स्टेपिंगमध्ये, म्हणजे चिपच्या सुधारित आवृत्तीत, आली. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने जाहीर केलं की सँडी ब्रिज प्रोसेसरबरोबरच्या ६ सिरीज चिपसेटमधले ३ गिगाबिटचे साटा (डिस्क जोडायचे) पोर्ट काळाच्या ओघात खराब होऊ शकतात, आणि दुरुस्ती-बदलीचा अंदाज ७० कोटी डॉलरचा दिला. तो चिपसेट बाजारात येऊन जेमतेम महिना झाला होता, म्हणजे ज्यांनी घाई केली त्यांच्याकडेच तो होता. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरमधलं टीएसएक्स नावाचं फीचर, जे डेटाबेसवाल्यांसाठी आकर्षण म्हणून विकलं गेलं होतं, ते दोष सापडल्यामुळे मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) बंदच करावं लागलं. ज्यांनी त्या फीचरसाठी म्हणून मशीन घेतलं त्यांच्या हातात बाकी मशीन राहिलं, फीचर गेलं.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही. काही दोष वयात आल्यावरच बाहेर पडतात. इंटेलचा ॲटम सी२००० हा प्रोसेसर २०१३ मध्ये आला, नेटवर्क उपकरणांत आणि छोट्या स्टोरेज बॉक्समध्ये भरपूर वापरला गेला, आणि २०१७ च्या सुरुवातीला सगळ्यांना कळलं की त्याचं एक क्लॉक सिग्नल देणारं सर्किट दीडेक वर्ष चालल्यावर मरू शकतं, आणि मग ते उपकरण पुन्हा बूटच होत नाही. म्हणजे वर्षभर थांबून घेतलेल्यालाही यातून सुटका नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने सांगितलं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस आणि ८ तासांनी, एकदम बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही, फर्मवेअर अपडेट करा. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. आणि मार्च २०२० मध्ये आणखी काही एसएसडींसाठी ४०,००० तासांचा तसाच इशारा आला. यात भीती कशाची ते नीट समजून घ्या. एका सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्क एकाच दिवशी चालू झालेल्या असतात, त्यांचे तास सारखे असतात, म्हणजे त्या सगळ्या एकाच तासाला जाणार. तिथे रेड ५ काय, रेड ६ काय आणि दहा काय, काहीच वाचवत नाही, वाचवतो तो फक्त बॅकअप. एएमडीच्या रोममध्येसुद्धा, २०१९ ची पिढी, असा दोष नोंदवलेला आहे की शेवटच्या रिसेटनंतर साधारण १,०४४ दिवसांनी एखादा कोअर झोपेतून उठू शकत नाही आणि अडकतो. दोन-तीन वर्षं रिस्टार्ट नाही याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि जुनं म्हणजे स्थिर, एकदा बसलं की बसलं, असंही नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या दोषांवरचे पॅच आले तेव्हा घाईने दिलेल्या मायक्रोकोडमुळे ब्रॉडवेल आणि हॅसवेलची मशीनं आपोआप रिबूट व्हायला लागली आणि २२ जानेवारीला इंटेललाच सांगावं लागलं की तो अपडेट लावू नका. हे प्रोसेसर तेव्हा तीन-चार वर्षं मुरलेले होते.

मग मुरलंय हे ओळखायचं कसं? वयावरून नाही. मी काय करते ते सांगते, याला पाऊण तास लागतो आणि पैसे काहीच लागत नाहीत. त्या मॉडेलचं डाउनलोडचं पान उघडायचं आणि बायोस, बीएमसी आणि रेड कंट्रोलर या तिघांच्या सगळ्या जुन्या आवृत्त्यांच्या रिलीज नोट तारखेप्रमाणे वाचत जायचं. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये मेमरी ट्रेनिंग (चालू होताना मेमरीशी ताळमेळ जुळवणं) फेल, पीसीआय लिंक कमी स्पीडला जोडली जाते, डिस्क दिसत नाही, सेन्सर चुकीचं रीडिंग देतो, असल्या गोष्टी असतात. हळूहळू त्या कमी होत जातात आणि मग एक वेळ अशी येते की नोटमध्ये फक्त सिक्युरिटीचे मायक्रोकोड आणि एखादा नवा प्रोसेसर किंवा नवं कार्ड सपोर्ट केल्याचा उल्लेख उरतो. तिथे तो प्लॅटफॉर्म बसला. लाँचनंतर वर्ष झालं तरी दर महिन्याला मेमरीच्या दुरुस्त्या येतायत असं दिसलं तर वय काहीही असो, मी थांबते. दोष नोंदवलेले दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही बरं का, इंटेल आणि एएमडी दोघेही प्रत्येक पिढीच्या दोषांची यादी जाहीर करतात, ती लांबलचक असते आणि त्यातल्या कित्येक दोषांपुढे 'दुरुस्ती होणार नाही' असंच लिहिलेलं असतं, कारण ते प्रत्यक्षात कुणाला जाणवतच नाहीत. रिकामी यादी दिसली की मात्र मला शंका येते, तिचा अर्थ बहुतेक वेळा अजून कुणी शोधलेलंच नाही असा असतो.

यातलीच एक चूक मी फार ठिकाणी बघते. लोक विचार करून मुरलेला सर्व्हर घेतात आणि तो गोडाऊनमधून आला तसा लावून मोकळे होतात, आत दोन वर्षांपूर्वीचं फर्मवेअर. मग मुरल्याचा फायदा काय झाला? दोष सापडलेत, इलाज आलेत, आणि तुमच्या मशीनवर ते नाहीतच. खोकं उघडल्यावर पहिलं काम सगळी फर्मवेअर एका ठरलेल्या संचाला आणणं, सुटी-सुटी नाही, कंपनी जो एकत्र टेस्ट केलेला संच देते तोच.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या आकाराच्या कंपनीत नव्या सर्व्हरमुळे जो त्रास होतो त्यातला निम्म्याहून जास्त इथे होतो असा माझा अनुभव आहे. ईआरपीवाला म्हणतो आमचं सॉफ्टवेअर अमुक जुन्या ओएसवरच (ऑपरेटिंग सिस्टिम) सर्टिफाइड आहे, आणि नव्या सर्व्हरच्या रेड कार्डचा, नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर त्या ओएससाठी येतच नाही, इन्स्टॉलर चालू होतो आणि म्हणतो डिस्क सापडली नाही. यावर उपाय म्हणजे हार्डवेअरवर नवा हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्या आत जुनी ओएस व्हीएममध्ये, कारण व्हीएमला दिसतं ते हायपरवायझरने दाखवलेलं हार्डवेअर. तुम्ही व्हीएमच वापरताय त्यामुळे हा त्रास तुम्हाला कमी आहे, पण हायपरवायझरची कम्पॅटिबिलिटी लिस्ट तरी उघडून बघाच, आणि तिच्यात नुसतं सर्व्हरचं नाव बघून थांबू नका, रेड कार्ड आणि नेटवर्क कार्डचं नाव, त्याचं फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांची जोडी बघा. लाँचनंतरच्या पहिल्या महिन्यांत सर्व्हर यादीत असतो आणि कार्ड नसतं, असं सर्रास होतं.

हीच यादी दुसऱ्या टोकालाही चावते. एप्रिल २०२० मध्ये व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरची सातवी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकले गेले, त्याबरोबर कितीतरी धडधाकट कार्डं एका रात्रीत निकामी झाली. रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत जुन्या रेड कार्डांचा सपोर्ट काढला, नवव्या आवृत्तीला प्रोसेसर किमान एक्स८६-६४-व्ही२ या पातळीचा लागतो आणि २०२५ मध्ये आलेल्या दहाव्याला व्ही३, म्हणजे इंटेलमध्ये हॅसवेल किंवा त्यापुढचंच. तुम्ही आज घेतलेला सर्व्हर पाच वर्षं चालवायचा म्हणत असाल, तो प्रत्यक्षात सात चालणार आहे, सगळीकडे तेच होतं, तर त्या सात वर्षांत एकदा तरी ओएस किंवा हायपरवायझरची मोठी उडी मारावी लागणारच. विंडोज सर्व्हर २०१९ चा एक्स्टेंडेड सपोर्ट ९ जानेवारी २०२९ ला संपतोय आणि २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला, म्हणजे ही उडी फार लांब नाही.

म्हणूनच शेपटाकडची पिढी घेण्याबद्दल मी सावध असते. एकदा मी स्वतःच एका ठिकाणी शेवटच्या लॉटमधले दोन सर्व्हर घ्यायला लावले होते, अतिशय विश्वासाचा मॉडेल, मला त्याचा प्रत्येक स्क्रू माहीत होता. चौथ्या वर्षी मेमरी वाढवायची वेळ आली तेव्हा तो प्रकार कंपनीच्या यादीतून गेलेला, बाहेरून मिळाली ती वेगळ्या रँकची (आतल्या चिपची मांडणी वेगळी), आधीच्यांबरोबर लावली की स्पीड खाली यायचा, आणि वॉरंटी वाढवायला विचारलं तर एकच वर्ष मिळालं. मशीन उत्तम चालत होतं आणि तरी बदलावं लागलं. तेव्हापासून मी लाँचपासून एक ते दोन वर्षं हा पट्टा धरते, तुमचं जुनं कोटेशन त्याच्या जरा पलीकडे जातंय. म्हणून लेखी हवं ते हे: या मॉडेलची विक्री कधीपर्यंत चालू आहे, वॉरंटी एकूण कितव्या वर्षापर्यंत वाढवता येईल, आणि मेमरी-डिस्कचे भाग तोपर्यंत मिळतील का. सात वर्षांचं उत्तर मिळालं तर घ्या. पाचवरच गाडी अडली तर नव्या पिढीसाठी दहाएक महिने थांबता येतंय का बघा, जुन्या सर्व्हरची वॉरंटी थोडी वाढवून हे बहुतेक वेळा जमतं. आणि जुनं कोटेशन डीडीआर४ वालं असेल तर मेमरी आजच पूर्ण भरून घ्या, नंतर वाढवू म्हणू नका.

लायसन्सचा हिशेब केलाय का? इथे मात्र नवी पिढी जिंकू शकते. विंडोज सर्व्हर कोअरवर विकलं जातं, एका प्रोसेसरला किमान ८ आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं. व्हीएमवेअर तर प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरतं, म्हणजे ८-८ कोअरचे दोन प्रोसेसर लावले तर बिल ३२ चं येतं. डेटाबेस कोअरवर मोजला जात असेल तर तीच गत. अशा वेळी कमी पण वेगवान कोअरचा एक प्रोसेसर घेणं शहाणपणाचं, आणि नव्या पिढीत दर कोअरमागे वेग वाढलेला असतो. साठ माणसांच्या ईआरपीला दोन सॉकेटची गरज मला तरी दिसत नाही, १६ वेगवान कोअरचा एक प्रोसेसर आणि भरपूर मेमरी पुरते. तुमच्या दोन्ही कोटेशनमध्ये दोन-दोन प्रोसेसर टाकलेले असतील तर आधी तेच काढायला लावा.

उष्णता पण बघा, हे लोक विसरतातच. इंटेलच्या झिऑन ई५-२६०० व्ही४ प्रोसेसरच्या काळात सर्व्हरचा वरचा प्रोसेसर १४५ वॅटचा होता, जेनोआत ३६० पर्यंत गेला, ट्युरिनमध्ये ५०० पर्यंत. तुम्ही खालचाच घ्याल, पण नव्या बॉक्सचे पंखे, पॉवर सप्लाय आणि खोलीतलं तापमान यांच्या अटी आधीच्यासारख्या राहिलेल्या नाहीत, काही कॉन्फिगरेशनला ३५ डिग्री चालत नाही, त्याहून थंड खोली लागते. छोट्या सर्व्हर रूमचा एसी रात्री बंद होणार असेल तर ते आधी सोडवा.

एक वेगळी सावधगिरी, पिढी नवी असणं आणि प्रकारच नवा असणं यांत गल्लत करू नका. इंटेलची ऑप्टेन मेमरी खरंच अप्रतिम गोष्ट होती, मी वापरलीय, डेटाबेसच्या लॉगसाठी तिच्यासारखं काही नव्हतं. पण ती बनवणारे दोघेच, त्यातून मायक्रॉन मार्च २०२१ मध्ये बाहेर पडली आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने हात काढून घेतला. ज्यांनी अख्खी रचना तिच्याभोवती उभी केली होती त्यांना ती मोडावी लागली. एकाच कंपनीकडे मिळणारी वस्तू कितीही चांगली असली तरी मुख्य डेटा तिच्यावर ठेवू नका.

वॉरंटीबद्दल व्हेंडर चार तासांत इंजिनिअर म्हणेल. नव्या पिढीच्या पहिल्या काही महिन्यांत इंजिनिअर चार तासांत येतो हे खरं, पण बोर्ड डेपोत नसतो. मला एकदा तो यायला नऊ दिवस लागले, इंजिनिअर रोज फोन करून माफी मागायचा, त्या बिचाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. म्हणून जुन्या कोटेशनवर थोडी घासाघीस करा, ते कमी होतंच, कारण त्यांनाही स्टॉक संपवायचाय, आणि वाचलेल्या पैशातून एक पॉवर सप्लाय आणि दोन डिस्क स्पेअर म्हणून कपाटात ठेवा.

कुठलाही घ्या, आल्यावर किमान दोन आठवडे त्याच्यावर खरं काम टाकू नका. मॉडेल मुरलेला असला तरी तुमच्या हातातला नग नवाच आहे आणि भाग जातात ते जास्त करून सुरुवातीला नाहीतर म्हातारपणी. मेमरी टेस्ट ४८ तास, सगळ्या डिस्क पूर्ण भरेपर्यंत लिहिणं, दोन्ही नेटवर्क पोर्ट फुल लोडला, आणि हे तिन्ही एकाच वेळीसुद्धा, कारण माझा तो शनिवारचा दोष एकेकटी टेस्ट करून कधीच दिसला नव्हता. लोड चालू असताना एक डिस्क काढा आणि रीबिल्ड होऊ द्या. एक पॉवर केबल ओढा. वायर काढून, पूर्ण थंड करून निदान वीस वेळा चालू करा, मेमरीचे प्रॉब्लेम तिथेच सापडतात. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर कितीतरी मिनिटं स्क्रीन काळीच राहते, मेमरी ट्रेनिंग चाललेलं असतं, मशीन मेलं समजून प्लग काढू नका. शेवटी बीएमसीचा लॉग वाचा, मेमरीतल्या आपोआप दुरुस्त झालेल्या (ईसीसी) एररसुद्धा मोजा, नव्या मशीनमध्ये एकाच मॉड्यूलवर त्या वारंवार दिसल्या तर ते मॉड्यूल तेव्हाच परत करा.

दोन्ही सर्व्हर एकाच पिढीचे आणि एकाच कंपनीच्या प्रोसेसरचे घ्या, इंटेल आणि एएमडीमध्ये चालू व्हीएम हलवता येत नाही. डिस्क मात्र दोन वेगवेगळ्या लॉटमधल्या मागा, वर लिहिलेल्या तासांच्या गोष्टीमुळे. आणि हलवताना आधी किरकोळ व्हीएम, मग फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर नव्यावर दुसरा उभा करून मग जुना काढायचा, आणि ईआरपी सगळ्यात शेवटी, एक महिनाअखेरचा हिशेब जुन्यावर बंद झाल्यानंतर. पुढची महिनाअखेर नव्यावर नीट पार पडेपर्यंत जुने दोन्ही सर्व्हर रॅकमध्ये जोडलेलेच राहू द्या. व्हेंडरची लेखी उत्तरं आली की मॉडेल नंबर आणि रेड कार्डाचं नाव इथे टाका, रिलीज नोट मी पण वाचून बघते.